चॅलेंज सर्टिफिकेट

चॅलेंज सर्टिफिकेट हे चॅम्पियनशिप श्वान प्रदर्शनात एखाद्या जातीच्या सर्वोत्कृष्ट नराला आणि सर्वोत्कृष्ट मादीला स्वतंत्रपणे दिले जाणारे प्रमाणपत्र आहे. ‘चॅम्पियन’ हा किताब अशा प्रमाणपत्रांच्या आधारे मिळतो.

वाटपाची पद्धत

ब्रिटनमध्ये १८७३ साली केनेल क्लबची स्थापना झाली. तेथे कोणत्या जातीसाठी किती प्रमाणपत्रे द्यायची, हे त्या त्या जातीचे क्लब नव्हे, तर ही मध्यवर्ती संस्था ठरवते. किताबासाठी तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन प्रमाणपत्रे मिळवावी लागतात. त्यामुळे एकाच परीक्षकाची पसंती पुरेशी ठरत नाही. श्वानांचा दर्जा अपुरा वाटल्यास परीक्षक प्रमाणपत्र नाकारू शकतो. प्रमाणपत्रे सढळपणे वाटल्यास किताबाचे मोल घटते. फार कमी ठेवल्यास अल्पसंख्य जातींतील उत्तम श्वान किताबापासून वंचित राहतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

दख्खनच्या पठारावरील कारवान हाउंड या शिकारी श्वानाला केनेल क्लब ऑफ इंडियाची मान्यता आहे. इंडियन नॅशनल केनेल क्लब याच जातीची नोंद मुधोळ हाउंड या नावाने करतो. त्यामुळे या श्वानांचा किताब विचारात घेताना तो कोणत्या संस्थेचा आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.