रक्ताची खोटी साक्ष

अशी कल्पना करा की, यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या एका जिनिंगमध्ये काम करणाऱ्या काकांना तीन आठवडे खोकला आहे. त्यांनी रक्त तपासून घेतले. कागदावर लिहून आले : ‘क्षयरोग नाही.’ काका निश्चिंत होऊन घरी गेले. पण तो कागदच खोटा असेल तर?

२०१२ पर्यंत आपल्या देशात क्षयासाठी रक्ताची अशी चाचणी सर्रास होत असे. ती क्षयाचे जंतू शोधत नसे, तर जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधत असे. गोम येथेच आहे. क्षयाचे जंतू शरीरात शिरले, तरी बहुतेकांना रोग होत नाही. पण त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे असू शकतात. उलट, खऱ्या रोग्याच्या रक्तात ती पुरेशी आढळत नाहीत, असेही घडते.

आता वही-पेन्सिल घ्या. खोकणाऱ्या १,००० माणसांपैकी ५० जणांना क्षय आहे असे माना. चाचणी शंभर रोग्यांपैकी ६० ओळखते आणि क्षय नसलेल्या शंभरांपैकी २० जणांना चुकून रोगी ठरवते, असे धरा. मग ५० पैकी ३० रोगी सापडतील, २० सुटतील. उरलेल्या ९५० पैकी १९० जण उगीचच रोगी ठरतील! म्हणजे ‘क्षय आहे’ असा कागद मिळालेल्या २२० जणांत खरे रोगी फक्त ३०.

सुटलेले २० जण घरातल्यांना रोग देत राहतील. ते १९० जण निष्कारण सहा महिने औषधे घेतील. ही औषधे यकृताला अपायही करू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ९४ अभ्यास पारखून जुलै २०११ मध्ये ‘ही चाचणी वापरू नका’ असे बजावले. ७ जून २०१२ रोजी भारत सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या आधारे अशा चाचणी-संचांची आयात, निर्मिती व विक्री बंद केली. पुढे १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू झाले. चुकीच्या निकालाचा धोका जितका मोठा, तितकी संचाची तपासणी कडक, असे त्यांचे सूत्र आहे.

पण एखादी प्रयोगशाळा स्वतःच रसायने मिसळून चाचणी करते, तेव्हा? तेथे विकत आणलेली पेटी नसते, म्हणून तिच्यावरचा परवानाही पाहता येत नाही. अशा वेळी रोगी कोण व निरोगी कोण हे आधीच पक्के ठाऊक असलेल्या नमुन्यांवर ती चाचणी पडताळणे अधिकच आवश्यक ठरते.

मग काकांनी काय करावे? सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. ती तपासणी मोफत होते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात, तर जनुकीय तपासणी सुमारे दोन तासांत त्यांचा माग काढते. तुमच्या घरी कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर आजच त्यांना हे सांगाल ना?