कळण्याची भाकरी आणि वाग्भटाचा हेमंत

मार्गशीर्ष लागला की खान्देशात, पाचोरा तालुक्यातल्या पिठाच्या गिरण्यांवर एक खास दळण येऊ लागतं. डब्यात ज्वारी, तिच्यात सालासकट काळे उडीद, मूठभर खडे मीठ आणि कुणाकडे चमचाभर मेथ्या. हाच कळणा. अहिराणी बोलणाऱ्या घरात त्याची ‘कयन्यानी भाकर’ होते. साधारण चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद धरतात, पण हे प्रमाण घरागणिक बदलतं आणि प्रत्येक घराला आपलंच खरं वाटतं. भाकरी काळपट, खरपूस आणि चवीला अंगचीच खारट. सोबत ठेचा, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याच्या तेलाची धार. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी ही भाकरी खाऊन शेतात गेलेल्या माणसाला दुपार टळेपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

आयुर्वेदाची दोन-चार पुस्तकं चाळलेल्या शहरी पाहुण्यापुढे हे ताट ठेवलं, तर तो बिचकण्याची शक्यता आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, नेहमी काय खावं आणि काय खाऊ नये हे स्पष्ट सांगितलं आहे. नेहमीच्या आहारात साठेसाळीचा भात, मूग, जव, आवळा, सैंधव, दूध, तूप आणि मध येतात. ज्यांची रोजची सवय लावू नये, अशा पदार्थांत दही आणि मासे यांच्या जोडीला उडीदही आहे. मग खान्देशानं उडीद थेट भाकरीतच दळून घेतला, तो काय चरकाला डावलून?

तसं अजिबात नाही. उत्तर त्याच ग्रंथात, थोडं पुढे सापडतं. सत्ताविसाव्या अध्यायात धान्यांचे गुण दिले आहेत. तिथे ‘जूर्णाह्व’ नावाचं धान्य येतं आणि टीकाकार त्याला ज्वारी मानतात. ते सावा-वरईच्या पंगतीला बसवलं आहे, म्हणजे पचायला हलकं, थंड, कोरडं, कफ-पित्त कमी करणारं, पण वात वाढवणारं. उडदाचे गुण नेमके याच्या उलट दिले आहेत. तो जड, स्निग्ध, उष्ण, बळ देणारा आणि वात शमवणाऱ्यांत श्रेष्ठ. कोरड्या ज्वारीला स्निग्ध उडदाची जोड दिली की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आजचं पोषणशास्त्र वेगळ्या वाटेनं त्याच ठिकाणी पोहोचतं. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळींमध्ये ते भरपूर असतं. डाळींमध्ये मेथिओनिन कमी पडतं, ती तूट धान्य भरून काढतं. कळणा पहिल्यांदा दळून घेणाऱ्या बाईला यातलं एकही नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पोटात काय टिकतं आणि काय टोचतं, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

आता ऋतूचा मुद्दा. साधारण सातव्या शतकातल्या अष्टांगहृदयात वाग्भटानं वर्षाचे सहा ऋतू आणि त्यांतला आहार मांडला आहे. मार्गशीर्ष आणि पौष म्हणजे हेमंत. बाहेरच्या थंडीनं शरीरातला अग्नी आत कोंडला जातो आणि प्रबळ होतो. त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही तर तो शरीरातल्या धातूंनाच पचवू लागतो, अशी ही मांडणी आहे. म्हणून या दिवसांत गव्हाच्या पिठाचे, उसाचे, दुधाचे आणि चक्क उडदाचे पदार्थ खावेत, असं वाग्भट सांगतो. चरक ज्याची सवय लावू नका म्हणतो, तेच वाग्भट हेमंतात खा म्हणतो, आणि यात विसंगती काही नाही. पदार्थ चांगला की वाईट, हा प्रश्नच आयुर्वेदात अर्धा आहे. कुणी, कुठे, कधी, किती आणि कसा शिजवून, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

चरकानं विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात यासाठी आठ कसोट्या दिल्या आहेत. पदार्थाचा मूळ स्वभाव, त्यावर केलेला संस्कार, दुसऱ्या पदार्थाशी संयोग, प्रमाण, देश, काळ, जेवणाचे नियम आणि स्वतः जेवणारा. पाचोऱ्याकडे पाहिलं की यातला ‘देश’ लगेच डोळ्यांत भरतो. गिरणा-तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन, बेताचा पाऊस, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा आणि कोरडा वारा. आयुर्वेदाच्या भाषेत हा जांगलाकडे झुकणारा प्रदेश, आणि जांगल देशात वाताचा जोर. देशाच्या गुणांविरुद्ध गुणांचा आहार तिथल्या माणसाला मानवतो, असा शास्त्राचा साधा नियम आहे. खान्देशी स्वयंपाकातल्या तेलाच्या सढळ हाताला पुण्या-मुंबईचे पाहुणे नाकं मुरडतात, त्यांनी हा नियम एकदा वाचावा. अर्थात तेलाच्या प्रत्येक पळीचं समर्थन त्यातून होत नाही. तो हिशेब पुढे येईलच.

भरिताची गोष्ट तर आणखी गमतीची. जळगाव जिल्ह्यातलं भरिताचं वांगं फिकट हिरवं, मोठं, कमी बियांचं. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी विशेष नावाजलेली. 2016 मध्ये जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हिवाळ्यात शेतात तुराट्यांचा जाळ करतात, वांग्यांना तेलाचं बोट लावून ती त्यात टाकतात आणि काठीनं उलटीपालटी करत राहतात. साल कोळशासारखी काळी होते, देठाजवळ रस फसफसतो, आतला गर मेणासारखा मऊ पडतो. मग हात पाण्यात बुडवून चटके सोसत सालं काढायची आणि गर लाकडी भांड्यात ठेचायचा. त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर आणि शेंगदाणे. शेवटी तेल, तेही मोजून नाही. पंगतीला कळण्याची भाकरी नाहीतर पुरी.

सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात भावमिश्रानं वांग्याचे गुण लिहिताना अंगारावर भाजलेल्या वांग्याचा वेगळा उल्लेख केला आहे. असं वांगं किंचित पित्तकर, पण अत्यंत हलकं, भूक वाढवणारं आणि कफ, मेद, वात व आम यांचा नाश करणारं, असं तो म्हणतो. एवढ्यावर थांबला असता तर खान्देशानं त्याचं देऊळ बांधलं असतं. पण तो पुढे सांगतो की तेच वांगं तेल-मीठ घालून केलं की जड आणि स्निग्ध होतं. एका वांग्याचे दोन स्वभाव, फरक फक्त संस्काराचा. भरिताच्या पार्टीत ज्याच्या त्याच्या ताटात तेलाची धार किती पडते, त्यावर कोण भावमिश्राच्या पहिल्या वाक्यात बसतो आणि कोण दुसऱ्या, ते ठरतं.

हे वांगं कधी खायचं, हे पंचांगानंही ठरवून दिलं होतं. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, घरातले कांदे संपवायचे आणि चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. अनेक घरांत वांगं पुन्हा ताटात येई ते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. पावसाळ्यात अग्नी मंद असतो, तेव्हा जुनं धान्य, मुगाचं कढण आणि उकळलेलं पाणी घ्यावं, असं वाग्भट सांगतो. हेमंतात अग्नी पेटतो आणि वांगं परत येतं. धर्माच्या नावानं चालत आलेली ही ऋतुचर्याच होती.

मात्र परंपरा आणि शास्त्र यांचं प्रत्येक वेळी जमतंच, असं समजू नये. आखाजीचं पाहा. वैशाख शुद्ध तृतीयेला खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि चुलीवर खापर चढतं. हातावर फिरवत फिरवत पातळ केलेला पुरणाचा मांडा त्या पालथ्या खापरावर पसरायचा आणि आमरसाबरोबर खायचा. ग्रंथाच्या हिशेबानं चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, आणि वसंतात कफ वाढतो म्हणून जड, गोड, स्निग्ध टाळा आणि दुपारी झोपू नका, असा वाग्भटाचा दंडक. आखाजीला खान्देशात यातलं सगळं होतं, दुपारच्या झोपेसकट. बचावाला एवढंच म्हणता येईल, की तिथला वैशाख ग्रंथातल्या ग्रीष्माला लाजवेल इतका तापतो, आणि आमरसात तूप व चिमूटभर सुंठ घालायची रीत अनेक घरांनी जपली आहे.

दिवाळी अंकाच्या वाचकानं आपल्यालाही यातून वगळू नये. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद. पित्ताचा हा काळ वैद्यांच्या धंद्याला आईसारखा सांभाळतो, अशी जुन्या वैद्यांत थट्टा आहे. शरदात तेल, दही आणि पोटाला तडस लागेपर्यंत जेवणं टाळा, असं वाग्भट बजावतो, आणि नेमक्या त्याच ऋतूत आपण चकल्यांचा घाणा काढतो. हा लेख वाचताना हाताशी फराळाचं ताट असेल, तर ते निदान अर्धं करावं. जड पदार्थ अर्ध्या पोटानं खावेत, हेही वाग्भटाचंच म्हणणं.

केळीच्या जिल्ह्यात शिकरणाचा विषय काढणं धाडसाचं आहे. चरकाच्या सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराची यादी आहे आणि दुधाशी न जुळणाऱ्या फळांत केळंही आहे, आंबाही आहे. आंब्याच्या बाबतीत पुढच्या ग्रंथकारांनी वाट काढली. पिकलेला गोड आंबा दुधाबरोबर पौष्टिक आणि वात-पित्त शमवणारा, असं भावप्रकाश सांगतो. केळ्याला इतका मोठा वकील मिळाला नाही. शिकरण खाणारी घरं त्यामुळे आजारी पडली, असं कुणी म्हणत नाही. सवयीनं अंगवळणी पडलेला पदार्थ तितका बाधत नाही, हेही आयुर्वेद मान्य करतो. पण सर्दी-खोकल्यानं सतत हैराण असलेल्या पोराला रोज शिकरण भरवणाऱ्या आईला वैद्यानं आधी तेच बंद करायला सांगितलं, तर त्यात नवल नाही.

मिरचीबद्दल चरक काही बोलत नाही, कारण त्याला ती माहीत नव्हती. मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडातले. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि सुंठीचा होता. म्हणजे आज खान्देशी म्हणून मिरवणाऱ्या ठेच्याला आणि शेंगदाण्याच्या तेलाला आयुर्वेदाची प्राचीन मोहर नाही. तरी शास्त्राची पद्धत नव्या पदार्थालाही लागू पडते. रस कोणता, वीर्य कोणतं, पचल्यावर काय होतं, एवढं पाहिलं की पुरे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडितानं तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयानं ‘भोजनकुतूहल’ लिहिलं आणि रोजच्या ताटातल्या धान्यांचे, भाज्यांचे, पक्वान्नांचे गुणदोष मांडले, तेही याच पद्धतीनं.

बिघाड झाला तो वेगळ्याच ठिकाणी. हेमंताचा आहार बारमाही झाला. भरीत आता मे महिन्यातही मिळतं आणि गॅसवर भाजलं जातं. बेसनाची जाड तिखट शेव आधी तळायची, मग काळ्या मसाल्याच्या तर्रीत सोडायची, अशी शेवभाजी ढाब्यांवर रात्री दहा-अकराला खाल्ली जाते आणि खाणारा दिवसभर खुर्चीत बसलेला असतो. वाग्भट पोटाचे चार भाग करायला सांगतो, दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा. शेवभाजीच्या पंगतीत तो चौथा भाग शिल्लक राहिलेला कुणी पाहिला नसेल. मिठाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. कळण्यात मीठ, ठेच्यात मीठ, वर तोंडी लावायला पापड-लोणचं, अशा ताटात ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. घाम गाळून तो हिशेब फेडणारा शेतमजूर निराळा आणि फक्त जिभेची परंपरा पाळणारा निराळा. आठ कसोट्यांतली शेवटची कसोटी जेवणारा माणूस आहे, ती याचसाठी.

दुसऱ्या बाजूनं ‘आयुर्वेद आहार’ हा आता बाजारातला शब्द झाला आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं 2022 मध्ये त्याचे नियम केले आणि ग्रंथोक्त पाकक्रियांनी बनवलेल्या पदार्थांसाठी वेगळं बोधचिन्ह ठरवलं. पाकिटावर चिन्ह आलं की भाव वाढतो. कळण्याला असलं चिन्ह मिळणार नाही, मिळायची गरजही नाही. मात्र दादर ज्वारी पेरणारा शेतकरी टिकायला हवा. खान्देशातली ही रब्बी ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते, कडब्यानं गुरं पोसते आणि तिच्यावाचून कळण्याला चव नाही. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, पण घरोघरच्या ताटात गव्हाची पोळी ज्वारीच्या भाकरीच्या जागेवर ठाण मांडून आहे.

ज्यांना यंदा मार्गशीर्षात कळणा करून पाहायचा आहे, त्यांनी उडीद सालासकटच घ्यावा, डाळ नको. आम्लपित्ताचा त्रास असेल तर उडीद निम्मा करावा आणि ठेच्याऐवजी सोबत ताक घ्यावं. रक्तदाब असेल तर दळणात मीठ घालूच नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि एका वेळी आठवड्यापुरतंच दळावं. पीठ जुनं झालं की विरी जाते, मग भाकरी थापताना चिरते.