दोन्ही काठांवरची सावली

मुंबई-पुण्याचे पाहुणे रविवारी नाशिकला येतात आणि जाताना हमखास म्हणतात, ‘‘तुमचं बरं आहे बुवा, सगळं कसं हाताशी!’’ खोटं नाही ते. लेणी आहेत, धरण आहे, पावसाळ्यात सोमेश्वरचा धबधबा आहे, त्र्यंबकेश्वर आहे, रामशेजसारखा किल्ला आहे. कुठंही जायचं तरी फार तर तास-दीड तास. पण खुद्द नाशिककराला विचारून बघा, की बाबा रे, पांडवलेण्यावर तू शेवटचा कधी गेला होतास? तो जरा आठवतो आणि सांगतो, ‘‘मेव्हणे आले होते ना, तेव्हा!’’

याला आळस म्हणायची पद्धत आहे. मला ते फारसं पटत नाही. आमच्या घरात माणसं पाच आणि वाहन म्हणाल तर एक स्कूटर. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, मुलगी अकरा, मुलगा सात. त्यामुळे सहल म्हणजे बस किंवा रिक्षा, हे ठरलेलंच. महिन्यातला एक रविवार तरी आम्ही असा बाहेर काढतो. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. सहलीला कोण येणार आणि कोण घरी राहणार, हे तिथं बघण्यासारखं काय आहे यावर फारसं ठरत नाही. तिथं टेकायला सावली आहे का, प्यायला पाणी आहे का, बायकांची सोय आहे का आणि दिवेलागणीच्या आत परतीची बस मिळेल का, या चार प्रश्नांवर ते ठरतं.

जाणं सोपं असतं. सकाळची हवा, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, बाटल्या काठोकाठ भरलेल्या, मुलांच्या अंगात वारं शिरलेलं. येताना त्याच बाटल्या रिकाम्या, मुलगा पेंगुळलेला आणि सासूबाईंचे गुडघे बोलायला लागलेले. अशा वेळी अर्धा तास ताटकळलं आणि वर एखाद्या रिक्षावाल्यानं तोंडाला येईल तो आकडा सांगितला, की दिवसभराची मजा तिथल्या तिथं संपते. घरी पोचल्यावर सगळे लक्षात ठेवतात तो धबधबा नव्हे, तो अर्धा तास.

नाशिकची शहर बस कितीतरी वर्षं एसटीच चालवत होती. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक धावू लागली. शहराबाहेर त्र्यंबकेश्वरापर्यंतही ती जाते. बस कुठवर आली ते मोबाईलवर बघायची सोय झाली, आणि आमची मुलगी त्यात पटाईत. ‘‘आजी, चार मिनिटांत येतेय,’’ असं ती सांगते. सासूबाई मान वळवून रस्त्याकडेच बघत बसतात. त्यांच्या मते डोळ्यांना दिसली तीच बस.

आता जरा अवघड विषय. सहलीच्या दिवशी सकाळी सासूबाई चहा अर्धा कपच घेतात. पाणी तर जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा मला वाटलं, प्रवासाची धास्ती असेल. नंतर कारण कळलं. एका नावाजलेल्या ठिकाणी बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. चावी ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, झाडाखाली बसून राहिल्या. पुढच्या महिन्यात म्हणाल्या, ‘‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.’’ घराला सांभाळण्यासारखं काही झालेलं नव्हतं. एका कुलपापायी एक माणूस सहलीतून गळलं होतं, एवढंच. अशी गळालेली माणसं घरोघरी असतील. उन्हाळ्यात दिवसभर पाणी न पिता फिरणाऱ्या बायका तर मी दर रविवारी बघते. पुरुषमाणसांना हे सांगितल्याशिवाय कळत नाही आणि सांगायला आपल्याला संकोच.

सासूबाईंना पुन्हा घराबाहेर काढलं ते एसटीच्या एका तिकिटानं. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ मध्ये सगळ्या बायकांना निम्मं भाडं झालं. त्र्यंबक तीसेक किलोमीटरवर. सासूबाईंनी आधार कार्ड पुढे केलं, कंडक्टरनं शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात दिलं. माझं अर्धं, दोन्ही मुलांचं अर्धं, पूर्ण पैसे फक्त ह्यांचे. ‘‘एवढ्या माणसांत एकटा मीच कमावता दिसतोय!’’ असं हे म्हणाले तेव्हा मागच्या बाकावरच्या बायकाही हसल्या. ते शून्याचं तिकीट सासूबाईंनी घडी करून बटव्यात ठेवलं. पैसे वाचले याचा आनंद होताच. पण आपल्यामुळे खर्च वाढतो, हे जे ओझं म्हातारी माणसं मनात घेऊन फिरतात, ते त्या दिवशी उतरलं. तेव्हापासून ‘यंदा श्रावणात जायचं ना?’ असं त्याच विचारतात.

पांडवलेणी शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. फाळके मूळचे आपल्या त्र्यंबकचेच, जन्म १८७० सालचा. वर चोवीस लेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आतल्या लेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी असं आहे. सासूबाईंनी तीनदा बसत, श्वास घेत पायऱ्या चढल्या आणि दहाव्या लेण्याच्या ओवरीत पाय पसरले. दगडाचा गारवा असा, की पंख्याची आठवण होऊ नये. वाचनालयातलं पुस्तक चाळून मी गेले होते, म्हणून भिंतीवरच्या अक्षरांत काय लिहिलंय ते मुलांना सांगू शकले.

सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे ते लेख. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं कोरवून घेतलेले. हे लेणं त्यानं भिक्षूंना दिलं, आणि त्याची बायको दक्षमित्रा हिनंही इथं एक खोली दान केली. आपण आणखी काय काय केलं ते उषवदात सांगतो. भरुकच्छ म्हणजे आजचं भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा, या गावी त्यानं उतारूंसाठी चौसोपी घरं बांधली. विहिरी, तळी, बागा केल्या. तापी, दमणा, पारदा, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आणि त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर निवारे आणि पाणपोया उभ्या केल्या.

दोन्ही काठांवर! मला ते वाचताना फार बरं वाटलं. ज्यानं हे केलं त्याला येणाऱ्याइतकाच परतणारा माणूसही दिसत होता. तो दमलेला असेल, नाव पलीकडे गेलेली असेल, तोवर त्याला टेकायला सावली आणि घोटभर पाणी लागेल, हे कोणीतरी तेव्हा ध्यानात घेतलं होतं. आमचे चार प्रश्न एवढे जुने आहेत.

त्याच लेण्यातला दुसरा लेख तर हिशेबाचाच आहे. उषवदातानं तीन हजार कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे ठेवली. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी बारा कार्षापणं. मुलीनं तिथंच बोटं मोडली. दोन हजाराचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, तेही दोनशे चाळीस. ‘‘आई, जमलं!’’ लेणं कोरून माणूस थांबला नाही, ते चालतं राहावं म्हणून वर्षाच्या खर्चाची सोय लावून गेला. आपल्याकडे उद्घाटनाची फीत कापली जाते, पण ती चावी सांभाळणाऱ्याच्या पगाराची सोय लागतेच असं नाही.

त्या लेखातलं गोवर्धन फार लांब नाही. गंगापूर रस्त्यानं सोमेश्वरच्या पुढे गेलं की ते गाव लागतं. त्याच बाजूला गोदावरीवरचं गंगापूर धरण, १९६५ साली पूर्ण झालेलं मातीचं धरण. शहराचं पिण्याचं पाणी तिथून येतं. घरचा नळ कुठून सुरू होतो हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगली सहल नाही. मुलगा त्या दिवसापासून दात घासताना नळ बंद ठेवतो, निदान मी बघत असले तर. निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर ही रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. २०२० साली तो मान जाहीर झाला. पण पाखरं बघायची ती उजाडताना, आणि तेवढ्या पहाटे तिथं पोचायचं तर स्वतःची गाडी हवी. म्हणून ते आमच्या यादीत अजून ‘बघू’ या सदरात आहे.

आणि सगळ्यात जास्त माणसं कुठं दिसतात? गंगेवर. आम्ही नाशिककर गोदाघाटाला गंगाच म्हणतो. तिथं तिकीट नाही, चढण नाही. बसायला पायऱ्या, खायला भेळ आणि रविवार कारंजावर आलं की घराकडे जायला काही ना काही मिळतंच. पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं ते त्यामुळेही.

मागणी फार मोठी नाही. थांब्यावर पहिल्या आणि शेवटच्या बसची वेळ रंगवलेली असावी. सहलीच्या प्रत्येक जागी एक पाण्याचा नळ, दोन बाकं आणि कुलूप नसलेलं स्वच्छतागृह असावं. वाचकांनीही एक करावं. कुठं गैरसोय दिसली तर घरी येऊन चरफडण्याऐवजी दोन ओळींचा अर्ज करावा. बायकांनी तर नक्कीच करावा, संकोच बाजूला ठेवून.

हे जमत नाही असंही नाही. सिंहस्थ आला की याच शहरात घाट दुरुस्त होतात, निवारे उभे राहतात, पाण्याच्या टाक्या येतात, जादा बस सुटतात. लाखो परक्या माणसांची सोय लागते आणि ती लागलीच पाहिजे. पण दोन सिंहस्थांमध्ये बारा वर्षं जातात, आणि बारा वर्षांत सहाशेच्या वर रविवार येतात. ते आपले, घरच्या माणसांचे. त्यांतल्या थोड्या रविवारी तरी सासूबाईंनी सकाळचा चहा पूर्ण कप घ्यावा आणि वर तांब्याभर पाणी प्यावं, एवढंच मला हवं आहे.