जुन्या पिकअपची पारख

गोदावरीच्या उत्तर तीरावरील मंचेरियल हे गाव कोळशासाठी आणि सिमेंटसाठी प्रसिद्ध आहे. २०१६ सालापर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग गावातून जातो. मंदमर्री, श्रीरामपूर, बेल्लमपल्ली येथील सिंगरेणीच्या खाणी जवळच आहेत, आणि जयपूर येथे त्याच कंपनीचे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा मुलखात लहान मालगाड्यांना काम पुष्कळ, आणि म्हणूनच त्या विकावयासही निघतात. प्राणहितेचा पूल ओलांडून सिरोंच्याकडून, किंवा आसिफाबादच्या वाटेने राजुऱ्याकडून, मराठी गिऱ्हाईक येथे जुना पिकअप पाहावयास येते. ते बहुधा शेतकरी किंवा भाजीचा लहान व्यापारी असते. हाताशी साठवलेली थोडी रक्कम असते, उरलेली कर्जाऊ. गाडी चालली तर हप्ता फिटतो. महिनाभर मिस्त्रीच्या दारात उभी राहिली तरी हप्ता मात्र थांबत नाही.

या गाड्यांचे इंजिन पूर्वीच्या साध्या डिझेल इंजिनासारखे राहिलेले नाही. २००५ साली निघालेल्या टाटा एसच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाला टर्बो नव्हता. महिंद्राचा बोलेरो पिकअप, टाटांचा योद्धा, अशोक लेलँडचा दोस्त, इसुझूचा डी-मॅक्स यांना तो आहे. ही युक्ती काही आजची नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने तिचे पेटंट १९०५ सालीच घेतले होते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर वाया न घालविता त्याने एक लहान चक्र फिरवावयाचे, आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावयाची, एवढेच तिचे मर्म होय. हवा अधिक, म्हणून तेल अधिक जाळता येते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते.

परंतु हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. एवढ्या वेगात त्याला आधार असतो तो ऑईलच्या पातळ थराचा. ऑईल काळे, जुने किंवा कमी झाले की बेअरिंग झिजते. घाट चढून आलेली गाडी चालकाने तत्काळ बंद केली, तर ऑईलचा पुरवठा तुटतो आणि तापलेल्या टर्बोत उरलेले ऑईल जळून त्याचा कोळसा होतो. मिनिट-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करण्याची सवय मागील चालकाला होती काय, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. ते गाडीलाच विचारावे लागते.

म्हणून पहिली अट अशी की, इंजिन थंड असताना गाडी पाहावी. गिऱ्हाईक येण्यापूर्वीच विकणाऱ्याने ते तापवून ठेवले असेल तर त्यात काही तरी झाकावयाचे आहे, असे समजण्यास हरकत नाही. बॉनेटवर हात ठेवला की ते कळते. थंड इंजिन सुरू करावे आणि सायलेन्सरकडे पाहावे. दाट काळा धूर म्हणजे हवा कमी पडते अथवा डिझेल जास्त जाते. फिल्टर तुंबला असेल, टर्बोचा पाइप फाटला असेल, किंवा इंजेक्टर बिघडला असेल. पांढरा धूर सुरुवातीला क्षणभर दिसला तर चिंता नाही; इंजिन तापल्यावरही तो राहिला तर डिझेल अर्धवट जळते किंवा सिलिंडरात पाणी उतरते आहे. निळा धूर मात्र ऑईल जळल्याचा. गाडी काही वेळ मंद चालू ठेवून एकदम पाय दाबला असता निळा लोट निघाला, तर संशय टर्बोवर येतो. पण येथेच पुष्कळ जण फसतात. ऑईल भरण्याचे झाकण उघडावे. तेथून धूर जोराने फुसफुसत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. टर्बो बदलता येतो. इंजिन उघडून बोअर करावयाचे म्हणजे गाडीच्या किमतीचा मोठा वाटा गेला. डिपस्टिकवरचे ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, आणि मग पुढे पाहण्याचे कारण उरत नाही.

विकणारा अभिमानाने सांगतो, “टर्बो नवा टाकला आहे.” जुना का गेला, हा खरा प्रश्न आहे. टर्बो सहसा आपण होऊन मरत नाही; घाण ऑईल, तुंबलेली नळी किंवा आत शिरलेली धूळ त्याला मारते. मूळ कारण तसेच राहिले तर नवाही त्याच वाटेने जाईल.

मंचेरियलच्या परिसरात धुळीचा प्रश्न विशेष आहे. खाणीच्या रस्त्यावर राबलेल्या गाडीचा एअर फिल्टर काढून, त्याच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपात बोट फिरवावे. तेथे धूळ लागली तर ती गाळणी चुकवून आत गेली आहे. त्याच पाइपातून टर्बोचे चक्र दिसते. पात्यांच्या कडा झिजल्या वा तुटल्या नाहीत ना, आणि दांडा पुढे-मागे ओढल्यास हलत नाही ना, हे मिस्त्रीला पाहावयास सांगावे. आडवे किंचित हलणे स्वाभाविक आहे. पुढे-मागे जाणवण्याइतके हलणे नव्हे.

दुसरे भय पाण्याचे. जुलै २०२२ मध्ये गोदावरीच्या पुराचे पाणी मंचेरियलच्या सखल वस्त्यांत शिरले होते. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून, रंग देऊन विकली गेली तर वरून ओळखू येत नाही. आसनाखालील गंजलेल्या स्प्रिंगा, दिव्यांच्या काचेआतील गाळाची रेघ, वायरिंगच्या जोडांवरील हिरवट थर हे खरे साक्षीदार होत.

यानंतर गाडीखाली वाकून चॅसिस पाहावी. वेल्डिंगचे ठिगळ, नव्याने वाढविलेले पाटे, हौद्याच्या तळाचा पोक हे सारे अतिरिक्त भाराचे पुरावे आहेत. मीटरवरील किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पायाखालचे झिजलेले पेडल अधिक प्रामाणिक असते. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरविण्यात अर्थ नाही. शक्य तर माल भरून चढावर न्यावी, कारण टर्बोचे दुखणे भाराखालीच बोलते. एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे भारत स्टेज सहाच्या, ज्या गाड्यांच्या धुराड्यात काजळीची गाळणी असते, त्यांच्या नळीत काळी काजळी दाट बसलेली दिसली तर ती गाळणी फुटली आहे किंवा कोणी काढून टाकली आहे.

उरला कागदांचा भाग, आणि सीमेपलीकडून येणाऱ्याला तो यंत्राइतकाच महत्त्वाचा. गाडीची नोंद तेलंगणातील. ती चंद्रपूर वा गडचिरोलीत न्यावयाची तर मूळ नोंदणी कार्यालयाचे नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, हस्तांतरासाठी नमुने २९ व ३०, आणि कर्जाचा बोजा असल्यास तो उतरविण्यासाठी नमुना ३५. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली की तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. फिटनेसचा दाखला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी घ्यावयाचा असतो, म्हणून नऊ वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी पासिंगचा खर्च वार्षिक होतो. विकणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईचे उत्तरदायित्व त्याच्याकडे जाते. गाडी मधल्या काळात किती हातांतून फिरली, हे सांगून सुटका होत नाही. म्हणून जाणते गिऱ्हाईक शेवटची रक्कम नमुना २८ हाती पडेपर्यंत, आणि बोजा असेल तर नमुना ३५ वर वित्तसंस्थेची सही व शिक्का दिसेपर्यंत, आपल्या खिशातच ठेवते.