आधी घाम, मग प्रस्ताव

अनुदानाचा प्रस्ताव म्हटलं की जाडजूड फाइल, जोडपत्रं आणि कार्यालयाचे हेलपाटे आठवतात. नगर जिल्ह्यातल्या काही गावांनी मात्र नव्वदच्या दशकात प्रस्ताव कुदळ-फावड्याने लिहायला घेतला.

फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइटाने 1989 मध्ये इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची कल्पना मांडली आणि 1992 पासून तो सुरू झाला. पैसा जर्मनीचा, कारभार नाबार्डचा. गावांची तयारी करून घ्यायला 1993 मध्ये वॉटर ही संस्था उभी राहिली. पात्रतेची पहिली अट कागदावर भागणारी नव्हती: घरटी चार दिवस श्रमदान. शिवाय कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. राळेगणसिद्धी ज्या जिल्ह्यात आहे, त्याला हे शब्द नवे नव्हते. हिवरे बाजारही 1994 मध्ये अशाच अटी पत्करून आदर्श गाव योजनेत शिरलं.

खरी मजा आराखड्यात होती. नेट प्लॅनिंग म्हणजे एकेका गट नंबरात जाऊन उभं राहायचं, शेतकरी आणि त्याची बायको दोघांना घेऊन. उतार किती, माती किती खोल, इथे बांध घालायचा की चर खणायचे, की झाडं लावायची, हे तिथेच ठरायचं आणि त्या गटापुढे नोंदलं जायचं. साऱ्या गटांची बेरीज म्हणजे अंदाजपत्रक. साहेबाने टेबलावर बसून ठोकलेला आकडा नव्हे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईचं मत त्यात आलं, हे मला सर्वात मोलाचं वाटतं.

तरी सगळी रक्कम एकदम मंजूर होत नसे. आधी थोड्या क्षेत्रावर काम करून दाखवायचं, मग पूर्ण पाणलोटाचा प्रस्ताव. अकुशल मजुरीच्या किमान 16 टक्के वाटा श्रमदानातून. भूमिहीन आणि एकट्या बाईच्या गरीब कुटुंबांना त्यातून सूट.

एक रकाना मात्र राहून गेला. मेंढरांना गट नंबर नसतो. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत 1996 मध्ये काम सुरू झालं तेव्हा चराईबंदीला विरोध झाला तो मेंढपाळांचाच. बांधाचा फायदा ज्याची जमीन त्याला. डोंगर बंद झाल्याचा भुर्दंड ज्याच्याकडे फक्त जनावरं त्याला. अंदाजपत्रकात बांधाचे मीटर होते, चराचे होते. कळप घेऊन दुसरीकडे जायला लागणाऱ्या पायपिटीचे नव्हते.