कापडी बेडकासाठी गळा का दाटतो?

‘द मपेट ख्रिसमस कॅरल’ (१९९२) या सिनेमात कर्मिट बेडूक बॉब क्रॅचिट या गरीब कारकुनाच्या भूमिकेत आहे. धाकटा टिम गेल्यावर बॉब घरी येतो, तिथे दरवेळी माझा गळा दाटतो. आता बघा, समोर आहे काय? हिरवं कापड आणि आत एक हात! त्या डोळ्यांना पापण्याही नाहीत.

१९४४ साली हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटीशी फिल्म दाखवली. दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकट इकडेतिकडे हलताहेत, बस्स. तरी जवळपास सगळ्यांनी त्यात माणसं पाहिली: भांडणारी, पळणारी, घाबरलेली. म्हणजे मन दिसायला चेहरा लागतोच असं नाही, हालचाल पुरते. आतली बोटं जरा आवळली, मान किंचित झुकली, की उरलेलं दुःख आपणच भरतो.

त्यात स्क्रूज झालेला मायकेल केन बाहुल्यांशी अगदी गंभीरपणे, माणसांशी बोलावं तसा बोलतो. आपणही नकळत त्याच्याच नजरेने बघू लागतो.

कर्मिटचे जनक जिम हेन्सन १९९० मध्ये गेले. हा सिनेमा दिग्दर्शित केला त्यांच्या मुलाने, ब्रायनने. कर्मिटच्या आत आता स्टीव्ह व्हिटमायर यांचा हात होता.