ड्रॅगन क्वेस्टचा न बदललेला हिशेब

१२० नाणी. २७ मे १९८६ रोजी एनिक्स कंपनीचा 'ड्रॅगन क्वेस्ट' हा व्हिडिओ गेम जपानमध्ये विक्रीला आला, तेव्हा सुरुवातीला राजाच्या दालनातल्या पेटीतून खेळाडूच्या हाती एवढीच रक्कम पडायची. जवळच्या गावात तांब्याची तलवार १८० नाण्यांना, म्हणजे तिचा विचारच नको. गदा ६० नाण्यांना आणि चामड्याचा पोशाख ७० नाण्यांना. दोन्ही घ्यायचे तर १३० लागतात, दहा कमी पडतात. मग गदा घेऊन अंगावर २० नाण्यांचे साधे कपडे चढवायचे, की चामडं घेऊन हातात १० नाण्यांची बांबूची काठी धरायची? उरलेल्या ४० मधून २४ ची औषधी वनस्पती घ्यायची की नाही? एकही शत्रू दिसण्याआधी खेळाडू हिशेबाला बसलेला असतो.

गावाबाहेर पहिला सामना होतो तो स्लाइम नावाच्या राक्षसाशी. त्याचे हिट पॉइंट ३, आणि तो मेला की मिळणारा एक्सपिरियन्स पॉइंट १. दुसऱ्या लेव्हलला पोचायला ७ पॉइंट लागतात, म्हणजे सात स्लाइम. शेवटची, तिसावी लेव्हल ६५,५३५ पॉइंटांवर. सोळा बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या आहे. यंत्राची मर्यादा होती तिथंच खेळाची कमाल मर्यादा ठरली.

या मालिकेची ओळख चित्रांपेक्षा या आकड्यांत जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. पाचवीतल्या मुलाला मनातल्या मनात करता येईल असं गणित, आणि प्रत्येक बेरजेमागे एक निर्णय. त्यात एक अत्यंत उदार नियमही आहे. खेळाडू मेला की त्याची निम्मी नाणी जातात, पण एक्सपिरियन्स पॉइंट एकही कमी होत नाही. अमेरिकेतल्या १९८१ च्या 'विझर्ड्री'त मेलेलं पात्र जिवंत करण्याचा प्रयत्न फसला तर त्याची राख व्हायची, आणि पुढचा प्रयत्नही फसला तर ते कायमचं जायचं. 'ड्रॅगन क्वेस्ट'चे कर्ते युजी होरी 'विझर्ड्री'चे आणि त्याच काळातल्या 'अल्टिमा'चे चाहते होते. मेनूतून कमांड निवडून आळीपाळीनं लढण्याची चौकट त्यांनी पहिल्याकडून घेतली, वरून दिसणारा नकाशा दुसऱ्याकडून. ती क्रूरता मात्र घेतली नाही. होरी 'शोनेन जम्प' साप्ताहिकात लिहीत असत. त्यांच्या डोळ्यांसमोर वाचक होता तो शाळकरी मुलगा, आणि हरलेल्या मुलाची मेहनत वाया जाऊ द्यायची नाही, हे त्यांनी पहिल्याच खेळात ठरवून टाकलं.

पुढचे दोन भाग भराभर आले. पहिल्यानंतर ८ महिन्यांनी दुसरा, त्यानंतर साधारण साडेबारा महिन्यांनी तिसरा. कार्ट्रिजची क्षमता ६४ केबीवरून १२८ आणि मग २५६ झाली. नायक एकटा होता, त्याचे तिघे झाले, मग चौघे. खेळ साठवण्यासाठी पहिल्या भागात २० अक्षरांचा मंत्र कागदावर उतरवून ठेवावा लागे. दुसऱ्यात तो ५२ अक्षरांपर्यंत लांबला. एक अक्षर चुकलं की सगळं गेलं. तिसऱ्या भागात कार्ट्रिजमध्ये बॅटरी आली आणि मंत्र संपला. पण याच तिसऱ्या भागात जागा इतकी अपुरी पडली की जपानी आवृत्तीचा शीर्षकाचा पडदा काळा राहिला, त्यावर फक्त नाव. चित्र कापलं, पण व्यवसाय बदलण्याची सोय ठेवली. योद्ध्याचा जादूगार करा, लेव्हल पुन्हा १ होते आणि ताकद निम्मी, पण शिकलेलं राहतं. काय कापायचं आणि काय ठेवायचं, यातून निर्मात्यांचा प्राधान्यक्रम स्पष्ट दिसतो.

तो भाग १० फेब्रुवारी १९८८ ला, बुधवारी आला. पहिल्याच दिवशी दहा लाखांवर प्रती खपल्या, आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांच्या बातम्या झाल्या. त्यामुळे कामाच्या दिवशी हा गेम आणायचा नाही असा कायदाच झाला, अशी कथा अजून सांगितली जाते. तसा कायदा कधीच झाला नाही. मात्र चौथ्यापासून नवव्यापर्यंतचा प्रत्येक भाग शनिवारी किंवा रविवारी आला, हे कॅलेंडरवर तपासता येतं.

मला सर्वांत मोठी झेप वाटते ती पाचव्या भागाची, २७ सप्टेंबर १९९२ ची. इथं नायक लहान मुलगा म्हणून बापाबरोबर फिरतो, मोठा होतो, लग्न करतो, त्याला मुलं होतात. भविष्यवाणीतला वीर तो नसतोच. तो त्याचा मुलगा असतो. तीन पिढ्यांची गोष्ट, आणि तीही मेनूतल्या त्याच कमांडवर चालणारी. पराभूत केलेले काही राक्षस मित्र म्हणून सोबत येतात, त्यात स्लाइमही असतो. सहा वर्षं ज्याला पहिल्या फटक्यात संपवलं, त्याला आता औषध द्यायचं. ही कथा इतकी भिडते, कारण आकडे ओळखीचे आहेत आणि त्यांचा अर्थ बदललाय.

२००४ चा आठवा भाग पूर्णपणे त्रिमितीत गेला. तो डीव्हीडीवर आला; साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, म्हणजे पहिल्या कार्ट्रिजच्या सुमारे ७० हजार पट. लढायला मात्र चौघेच, आळीपाळीनं. पुढच्या वर्षी परदेशी आवृत्तीत पात्रांना आवाज दिला गेला. जपानी आवृत्ती मुकी होती. नायक तर दोन्हीकडे मुकाच.

बदल मागे घेतल्याचंही उदाहरण आहे. डिसेंबर २००६ मध्ये नववा भाग जाहीर झाला तो हातातल्या निन्टेन्डो डीएससाठी, आणि त्यात आळीपाळीऐवजी थेट हाणामारी होती. चाहत्यांनी कडाडून विरोध केला. जुलै २००९ मध्ये गेम आला तेव्हा कमांडची लढाई परत आली होती. राक्षस नकाशावर आधीपासून दिसतात, हा बदल मात्र टिकला. एकट्या जपानात या भागाच्या ४० लाखांहून अधिक प्रती गेल्या. माझ्या मते चाहत्यांचं बरोबर होतं: लढाईत विचार करायला वेळच नसेल, तर दुकानात केलेल्या हिशेबालाही फारसा अर्थ उरत नाही.

दहावा भाग ऑनलाइन झाला. अकराव्यासाठी पाच वर्षं लागली. २०१९ च्या स्विच आवृत्तीत तो अख्खा गेम नव्या त्रिमितीत किंवा १९८६ ची आठवण देणाऱ्या सपाट चित्रांत खेळता येतो. कथा तीच, लढाईही आळीपाळीचीच.

१९८६ पासून तीन माणसं या मालिकेशी जोडलेली होती. संगीतकार कोइची सुगियामा सुरुवातीला ५५ वर्षांचे होते. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात पथकांच्या संचलनाला पहिली धून वाजली ती त्यांच्या या गेमची. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ते गेले. होरींनी चिखलाच्या गोळ्यासारख्या कल्पिलेल्या स्लाइमला थेंबाचा आकार आणि हसू देणारे चित्रकार अकिरा तोरियामा आपल्याकडे कार्टून नेटवर्कवरच्या 'ड्रॅगन बॉल'मुळे घरोघरी पोचले. १ मार्च २०२४ रोजी त्यांचंही निधन झालं. होरींचा जन्म १९५४ चा. २७ मे २०२१ ला बारावा भाग जाहीर करताना त्यांनी सांगितलं की तो प्रौढांसाठीचा असेल आणि कमांडची लढाई नव्यानं घडवली जाईल. त्यांनी लढाईचा वेग बदलावा, पडदा बदलावा, हवं तर कमांडही बदलाव्यात. हरलेल्याचे एक्सपिरियन्स पॉइंट मात्र त्याच्याकडेच राहावेत.